ताडपत्रीखालचा मका

कोल्हापूर,
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रसेनजीतदादा,

सप्रेम जय भीम. पुण्यात तू नि वहिनी खुशाल असाल. इकडं पाऊस एकदाचा गेला. म्हैस दूध देते. आई बरी आहे.

फोन न करता लिहिते आहे. फोनवर तुझा आवाज चढला की मला पुढचं बोलता येत नाही, आणि या वेळी सगळं सांगायलाच हवं.

आधी मक्याचं. गेल्या साली मका होता त्याच रानात तू पुन्हा मकाच घालायला लावलास. जुनी धाटं तशीच रानात पडून होती. तुरे आले तेव्हा पावसानं ओढ दिली, अळीनं कणसं पोखरली. काढणीला आला तर पाऊस थांबेना. ओलीच कणसं मोडून आणली. तू म्हणालास, ताडपत्री टाकून ठेव, दर चढू दे. टाकली.

ऊन पडल्यावर ताडपत्री उचलली तर आतून वाफच अंगावर आली. कणसांवर हिरवीपिवळी भुकटी, काहींवर गुलाबी बुरशी. मी कृषी सहायक मॅडमना बोलावलं. त्यांनी दाणे हातात घेतले आणि खाली टाकून हात धुतले. म्हणाल्या, "माणसाला नको, जनावरालाही नको. यातलं विष धुऊन जात नाही, भाजूनही जात नाही. वरून चांगला दिसतो त्या दाण्यातसुद्धा असू शकतं."

आई उंबऱ्यात बसून ऐकत होती. त्या गेल्यावर म्हणाली, "मॅडम शिकल्याली हाय, पर तिला भूक म्हाईत न्हाय. सोन्यासारखं धान्य उकिरड्यावर टाकतीस व्हय गं?"

मी हसले. तिथंच चुकले.

मघाशी उठून आत जाऊन आले, पुन्हा बाकावर बसले. दादा, वर 'आई बरी आहे' लिहिलंय, ते खोडत नाही; पण हे पत्र मी घरातून लिहीत नाही. दवाखान्यातून लिहिते आहे. आईला कावीळ झाली आहे. यकृताला सूज आहे.

तिनं बरी दिसणारी कणसं निवडून, सोलून, दळून आणली होती. मला ताटात शाळूची भाकरी वाढायची आणि आपण मागाहून चुलीपुढं बसून मक्याची खायची. मला वाटलं, तिला आवडते. डोळे पिवळे दिसले तेव्हा पिठाचा डबा उघडला, तर कुबट वास. मक्यानंच झालं असं डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत. पण काय खाल्लं हे पुन्हा पुन्हा विचारून गेले.

तिनं मला शपथ घातली, "दादाला सांगू नगंस, रजा काढून धावत यील." मोडली मी.

तिचं लुगडं न्यायला घरी गेले तर दारात व्यापारी कृष्णातचा टेम्पो. माणसं पोती भरत होती.

"कुणाला विचारून?"

"तुझ्या दादाचा शब्द हाय मला. मशीनवर वाळवतो, चांगल्यात मिसळतो. थोडा कोंबड्यास्नी, थोडा पिठाला. कोण बगतंय?"

मी पसाभर दाणे त्याच्यापुढं धरले. "ह्याची भाकरी आज तुमच्या घरी करा. माझी आय हेच खाऊन दवाखान्यात पडलीया."

त्यानं दाण्यांचा वास घेतला. मग माणसांना म्हणाला, "उतरवा रं." जाताना एवढंच बोलला, "दादाला तूच सांग."

तेच सांगते आहे. पिराजीमामांचा जेसीबी बोलावला, बांधाकडेला खोल खड्डा काढला आणि सगळा मका पुरला. तुझ्या वाटणीचासुद्धा. तुला विचारलं नाही. तू नको म्हणाला असतास, आणि मग मला तुझं ऐकावं लागलं असतं.

तुला राग येणार. येऊ दे. पण तो इथं येऊन काढ.

कालपासून आई पेज घेते. डोळे अजून पिवळेच आहेत, पण लोकांना ओळखते, नर्सवर खेकसते. डॉक्टर म्हणतात, सावरेल, वेळ लागेल. शपथ तिनंच घातली, तरी जाग आली की पहिलं विचारते, "दादाचा फोन आलता?" मी म्हणते, "व्हय, आलता की. निघालाय म्हणाला." ती डोळे मिटते आणि थोडी झोपते.

हे खोटं मला फार दिवस रेटता येणार नाही.

वाट बघणारी,
निशा