डावरीच्या हातची काठी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा मासे धरायच्या गळाच्या जुन्या काठ्या दुरुस्त करण्याचा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात तेवढा कापतो, आणि हा कागद मी कोणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. हेही रागातच आहे, पण वकीलबाईंनी तपासले आहे.

कलम १. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या मुलीला. विकल्या तरी हरकत नाही. जिन्याची तिसरी पायरी हलते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम २. रंधे, पटाशा आणि कामट्या तासायचा पितळी साचा मागच्या गल्लीतल्या सुताराला. माझी एक कानस त्याने नेली, ती अजून आणतोच आहे. तरीही त्यालाच, कारण हत्यार धरावे कसे हे आसपास त्यालाच कळते.

कलम ३. गळशौकिनांच्या मंडळाच्या अध्यक्षांना माझी मोडकी छत्री. तीस वर्षे मी सभासद, आणि सत्कार माझ्या मेहुण्याचा!

कलम ४. माझ्या अकरा वह्या. कोणती काठी कोणी घडवली, हे शोधत मी उभे आयुष्य घालवले. बांबूच्या सहा कामट्या तासून, सरसाने जोडून काठी होते; तिच्यावर शिक्का कारखान्याच्या मालकाचा. करणाऱ्याचे नाव कुठेच नाही. मी जुनी दरपत्रके चाळली, कारागिरांच्या म्हाताऱ्या विधवांच्या दारात बसलो. मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर विरंगुळा म्हणून यात शिरला आणि चार वर्षांत पुस्तक लिहून मोकळा झाला. आमची ही म्हणायची, "माझ्या भावाची नजर बारीक." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वह्या त्यालाच द्याव्यात. त्यात त्याला चुका सापडतील, आणि त्या तो हळू आवाजात सांगेल. मला त्याचा तो हळू आवाजच सोसत नाही.

कलम ५. हे कलम मुलीने मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचावे.

पुलाजवळच्या कारखान्यातल्या काठ्या सर्वांत नावाजलेल्या. त्या मालकाने स्वतः केल्या, असे सगळे मानतात. मीही वह्यांत तसेच लिहिले आहे. त्यातली एकच काठी मूळ रेशमासकट उरली होती आणि ती माझ्याकडे होती. काठीवर गळाची दोरी ओवायच्या कड्या बसवताना त्यांवर रेशमी दोऱ्याचे वेढे घालतात. दोरा कुजतो, म्हणून दुरुस्त करणारा तो बदलतो, आणि मूळ हाताची खूण जाते. ही काठी मी एकवीस वर्षे रोज पुसत होतो. मेहुणा दुकानात आला, तिच्याकडे पाच मिनिटे पाहत राहिला आणि म्हणाला, "भाऊजी, हे वेढे उलटे आहेत. करणारा डावखुरा होता."

मालक उजवा होता. डावखुरी होती त्याची बहीण, जिला कारखान्यात डावरी म्हणत आणि जी फक्त झाडलोट करते असे सांगत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्या हातातली गोष्ट त्याला दिसली, मला नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

त्याच्या म्हणण्याची शहानिशा करायला मंडळ रविवारी काठी पाहायला येणार होते. शुक्रवारी दुपारी मी पात्याने सगळे वेढे कापले आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेल्या दोऱ्याने सरळ घातले. बायको दारात उभी होती. "अहो, हे काय केलंत?" एवढेच म्हणाली. भावाला तिने कधी सांगितले नाही आणि माझ्याशी पुढे वर्षभर कामापुरतेच बोलली. रविवारी लोक त्याला हसले. त्याने काठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. "माझंच चुकलं असेल, भाऊजी," म्हणाला, आणि छापायला निघालेल्या पुस्तकातून डावरीचे प्रकरण काढून टाकले.

कापलेले वेढे बटणांच्या डबीत आहेत. रोगणाने कडक झालेला दोरा आपला उलटा पीळ सोडत नाही, कोणीही तपासावे. काठी आणि डबी मेहुण्याला.

कलम ४ आणि ५ मध्ये दुरुस्ती, सही करतेवेळी. मी मेहुण्याला बोलावून वरील मजकूर वाचायला दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. मी म्हणालो, "शिव्या तरी घाल रे." तो म्हणाला, "काठी आणि डबी डावरीच्या नातीला द्या. ती धोबीकाम करते, आजीची एक वस्तू नाही तिच्याकडे. वह्या मंडळाला द्या. आणि साक्षीदार म्हणून मला घ्या."

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही."

"म्हणूनच तर," तो म्हणाला. "मला काही मिळालं, तर लोक म्हणतील दोघांनी संगनमतानं रचलं. डावरीचं नाव पुन्हा पुसलं जाईल."

हेही मला सुचले नाही. सुचले त्यालाच. जळायचे ते जळून झाले असे वाटत होते, पण अजून शिल्लक होते. त्याने सांगितले तसे बदल केले आहेत.

सही: काठीवाला
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळ

साक्षीदार पहिला: समोरचे औषधवाले.

साक्षीदार दुसरा, स्वहस्ते: वरील सर्व वाचले. मला यातून काही मिळत नाही. भाऊजींनी शेवटची दुरुस्ती माझ्यासमोर लिहिली, आणि लिहिताना ते रडत होते. मेहुणा.