टाकीवरची सोनेरी रेघ

रेडिच,
११ मार्च १९८४

प्रिय एनिड,
सा. न. वि. वि.

तुझं कार्ड आणि फुलं पोचली. फुलं चांगली होती, दहा दिवस टिकली. हिलरीनं तुला फोनवर सगळं सांगितलंच आहे, तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. हिलरी दर शनिवारी येते आणि फ्रिजमध्ये डबे भरून जाते. प्रत्येक डब्यावर वार लिहिलेला असतो. सोमवारचा डबा मी मंगळवारी खाल्ला तर तिला बरोबर कळतं. कसं ते कळत नाही, पण पोरगी लहानपणापासून तशीच आहे.

फेब्रुवारीपासून वेळ बराच असतो, म्हणून गॅरेजमधली माझी मोटारसायकल काढली. एकोणपन्नास सालची, पाचशे सीसीची, तुला आठवत असेल. अठरा वर्षं ताडपत्रीखाली होती. मागचं चाक जाम, पिस्टन अडकलेला, मॅग्नेटोत उंदरांचं घर. पूर्ण खोलली आहे. एकेक भाग तंबाखूच्या रिकाम्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. आतापर्यंत त्रेचाळीस डबे झाले. पिस्टन निघाला. त्याला नऊ दिवस तेल पाजावं लागलं.

कारखाना बंद पडला तरी आपली जुनी मंडळी दर सप्टेंबरात मैदानावर प्रदर्शन भरवतात. मी नाव घातलं आहे. गाडी कारखान्याच्या दारातून निघाली तेव्हा जशी होती, अगदी तशी पाहिजे. साधा वायसर नवा दिसला तरी परीक्षक गुण कापतात. तेव्हा काम बरंच आहे.

तुझी तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
सिरिल

---

नेल्सन, न्यूझीलंड,
२ एप्रिल १९८४

चि. सिरिल यास,
थोरल्या बहिणीचे अ. उ. आ. वि. वि.

एकसष्ट वर्षांचा झालास तरी तू मला चि.च, तेव्हा नाक मुरडू नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चाक आहे, पिस्टन आहे, उंदीरसुद्धा आहेत. आयव्ही कुठेच नाही. मेल्या, लिहिलंस तेव्हा बायको जाऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि तू मला वायसरच्या गोष्टी सांगतोस? रागावू नकोस. इतक्या लांब बसून दुसरं काय करणार मी? रागावता तरी येतं. हिलरी म्हणाली की तू अंत्यविधीला पाहुण्यांना चहा देत फिरत होतास आणि प्रत्येकाला साखर किती ते विचारत होतास. म्हणे अजून कुणाला स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं नाहीस. आयव्हीचे केस कापणाऱ्या बाईचा फोन आला, तर आयव्ही नंतर फोन करेल असं म्हणून ठेवून दिलास. सिरिल, ती नाही रे करणार आता फोन. एकदा तरी म्हण तोंडानं. मला नको म्हणूस, दुधवाल्याला म्हण, पण म्हण. माझा जीव त्यातच अडकलाय.

गाडीचं काम मात्र कर. मला ती गाडी चांगली आठवते, आणि तिच्यापेक्षा तिची टाकी. तेव्हा मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होते. आयव्ही रंगखात्यात टाक्यांवर सोनेरी रेघा मारायची. पट्टी नाही, ठसा नाही, नुसती करंगळी टाकीच्या कडेला टेकवायची, श्वास रोखायचा आणि एका दमात रेघ. तुझी टाकी तिनं जेवणाच्या सुट्टीत चोरून केली होती. तेव्हा तुमचं लग्न ठरलंही नव्हतं. डावी बाजू चालू असताना मुकादम आत आला, तिचा हात हलला, आणि बसणाऱ्याचा गुडघा टेकतो तिथे रेघ केसभर वर गेली. तिनं ती पुसलीच नाही. मला म्हणाली होती, राहू दे, त्याच्या गुडघ्याखाली रोज माझी चूक राहील. काय पण लाजरी बाई!

तेव्हा बाकी काय हवं ते घास, पण टाकीला हात लावू नकोस. गुण गेले खड्ड्यात.

इथे थंडी सुरू होतेय आणि तुझ्याकडे वसंत. देवानं आपल्या दोघांत एवढंही एकसारखं ठेवलं नाही. नीट जेव. माझी आठवण ठेव, आणि उत्तराला आळस नको.

तुझी,
एनिड

---

रेडिच,
११ एप्रिल १९८४

प्रिय एनिड,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, टपालात असेल. तोवर प्रगती कळवतो.

इंजिन जुळत आलं. चाकांच्या तारा स्वतः बसवल्या, सत्तर सालापर्यंत तेच तर करत होतो, त्यामुळे हात विसरलेला नाही. रंगाचं सामान काल, मंगळवारी, उरकलं. सांगाडा, दोन्ही मडगार्ड, हत्यारांची पेटी, टाकी, सगळं रंग काढायच्या औषधानं धुतलं. टाकीला जेमतेम बारा मिनिटं लागली. रंग साय निघावी तसा सुटला, वर्तमानपत्रानं पुसून टाकला. खाली पत्रा चांगला आहे, फक्त तोटीपाशी सुईएवढी दोन भोकं होती, ती झाळली. आज सगळं भट्टीच्या रंगासाठी दिलं. काळा, मूळचा होता तसाच.

रेघ पुन्हा मारून घ्यावी लागेल. डाव्या बाजूची तशीही थोडी वाकडी होती, गुण गेले असते.

हवा बरी आहे. कळावे, आणि लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
सिरिल

---

ब्रॉम्सग्रोव्ह,
१५ एप्रिल १९८४

ती. एनिड आत्यास,
हिलरीचा सा. न. वि. वि.

आत्या, तुझं बाबांना लिहिलेलं पत्र काल सकाळी आलं तेव्हा मी तिथेच होते. तू टाकीबद्दल लिहिलंस, आणि टाकी त्यांनी मंगळवारीच धुऊन टाकली होती. तुला त्यांचं पत्र मिळेलच. तुझी चूक नाही, टपालाची आहे. तुला ते नुसतं त्यांच्या पत्रातून कळू नये म्हणून मी घाईनं लिहितेय.

त्यांनी पत्र उभ्यानं वाचलं. घडी घातली. नळापाशी जाऊन हात धुतले, हात स्वच्छच होते. मग मला विचारलं की चहा घेशील का. मी हो म्हटलं. पाणी उकळेपर्यंत ते खिडकीतून बाहेर कचऱ्याच्या डब्याकडे बघत राहिले. मला काही कळेना. मग म्हणाले की कचऱ्याची गाडी गुरुवारी येते. एवढंच. रंग पुसलेली वर्तमानपत्रं त्या डब्यात होती गं आत्या, आणि गुरुवार होऊन गेला होता.

मी रडले. ते नाही. मीच काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून विचारलं, तुम्हाला आठवलं कसं नाही? ते म्हणाले, माहीत होतं, कसं माहीत नसेल. जुनी गाडी करायची म्हणजे आधी सगळा रंग उतरवायचा, पत्रा दिसेपर्यंत. तसंच करतात. सगळेच तसं करतात. हात चालत होते. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं जसं शेजारच्याला हवा सांगावी.

त्या गाडीमुळे ते उठतात, दाढी करतात, एवढं खरं. पण आईचं नाव घेत नाहीत. तिचा कोट खुंटीवर आहे, त्याच्या शेजारी स्वतःचा अडकवतात. मला भीती वाटते की सप्टेंबर झाला, गाडी झाली, की त्यांच्याकडे करायला काही उरणार नाही, आणि आत काय आहे ते तसंच राहील. तू काहीतरी लिही. तुझं ते ऐकतात, निदान वाचतात.

आत्या, माया आहेच, ती असू दे.

तुझी,
हिलरी

---

नेल्सन,
२७ एप्रिल १९८४

चि. सिरिल यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि हिलरीचं, एकाच दिवशी आली. माझ्या जिभेला हाड नाही आणि लेखणीला तर मुळीच नाही. दहा दिवस आधी लिहिलं असतं तर कामाला आलं असतं, नंतर लिहिलं म्हणून नुसतं टोचलं. माफ कर. तुझी माफी मागायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, तू सात वर्षांचा असताना तुझं कबूतर मी उडवून दिलं तेव्हाही मी मागितली नव्हती.

तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितेय. आयव्हीनं त्या कारखान्यात नऊ वर्षं काढली. किती टाक्या तिच्या हाताखालून गेल्या असतील याचा हिशेब नाही, आणि त्यातल्या बहुतेक आता भंगारात वितळल्या. ती यावर रडत बसणारी बाई नव्हती. टाकी धुतलीस म्हणून तिनं तुला आधी शिव्या दिल्या असत्या आणि मग स्वतः बाही सरसावून कुंचला मागितला असता. शिव्या तरी मनात ऐकून घे की रे. मला वाटतं तू तिचा आवाजच बंद करून ठेवलायस.

कारखान्यातला कुणी जुना रेघवाला असेल तर त्याच्याकडून करून घे. नसेल तर राहू दे. आणि प्रदर्शन झालं की नाताळला इकडे ये. इथे नाताळात ऊन असतं, टर्की खाताना घाम येतो, तुला मुळीच आवडणार नाही, पण ये.

जीव लावून आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
एनिड

---

रेडिच,
२२ जुलै १९८४

प्रिय एनिड,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. माफीची गरज नव्हती. कबूतराची मात्र होती.

इंजिन गेल्या रविवारी सुरू झालं, चौथ्या किकला. आवाज चांगला आहे. हिलरी गॅरेजच्या दारात टाळ्या वाजवत होती. मला आनंद व्हायला पाहिजे हे कळत होतं. मी तेलाची गळती बघितली, नव्हती, मग बंद केलं.

टाकी रंगून आली. काळी, आरशासारखी, तिच्यात तोंड दिसतं. रेघ मारणारं कुणी राहिलेलं नाही. दोघं वारले, तिसऱ्याचा हात थरथरतो. म्हणून स्वतः करून बघितलं. शिवणाच्या खणात तिचा कुंचला सापडला, लांब केसांचा, मेणकागदात गुंडाळलेला. रेघवाल्यांचे कुंचले वाळू द्यायचे नसतात, केसांना तेल लावून ठेवायचं असतं. एनिड, केसांना तेल होतं. ताजं. कारखाना सोडून तिला सव्वीस वर्षं झाली. मला एका शब्दानं माहीत नव्हतं.

करंगळी कडेला टेकवली, श्वास धरला. अकरा वेळा केलं. अकरा वेळा टर्पेंटाइननं पुसलं. श्वास मला तेवढा धरवत नाही, मध्येच सुटतो. बाराव्यांदा केलं नाही. कुंचला धुऊन, तेल लावून, होता तिथे ठेवला.

गाडी तशीच नेणार आहे. नाताळचं बघू. लोभ राहू दे.

तुझा,
सिरिल

---

रेडिच,
१७ सप्टेंबर १९८४

प्रिय एनिड,
सा. न. वि. वि.

प्रदर्शन काल झालं. हे पत्र मी लगेच लिहितो आहे, नाहीतर लिहिणार नाही.

मैदान ओलं होतं, पण पाऊस नव्हता. तीस-एक गाड्या होत्या. हिलरी पोर्क पाय आणि चहाचा थर्मास घेऊन आली होती. परीक्षक चाळिशीचा, आपल्यातला नव्हे, पण माहीतगार. गुडघ्यावर बसून त्यानं गाडी खालून बघितली, तारा बोटानं वाजवून बघितल्या, बोल्टांची डोकी मोजली. पाऊण तासात एका वायसरचीही खोट काढू शकला नाही. मग टाकीपाशी आला. म्हणाला, एवढं काम केलंत आणि रेघ राहिली? मी म्हटलं, हो. त्यानं विचारलं, तुमच्या रेघा कोण मारतं? मी म्हटलं, माझी बायको मारते. तो म्हणाला, वा, मग पुढच्या वर्षी आणण्याआधी तिच्याकडून मारून घ्या, नुसते त्याचेच पाच गुण जातायत.

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला कागदावर काहीतरी लिहायचं होतं आणि तो पेन धरून उभा होता. मी म्हटलं, ती मारणार नाही. तो म्हणाला, का हो, रुसल्यात का?

मी म्हटलं, आयव्ही मेली.

नंतर मला थांबता येईना. तीन फेब्रुवारीला मेली, शुक्रवारी, सकाळी साडेनऊला, स्वयंपाकघरात, हातात कप होता, मी गॅरेजमध्ये होतो, मला आवाज आला आणि मला वाटलं कप फुटला. कप फुटला एवढंच वाटलं, म्हणून मी हातातलं काम पुरं करून मग आत गेलो. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. हिलरीलासुद्धा नाही. ती मागे उभी होती, तिनंही तेव्हाच ऐकलं. डॉक्टर म्हणाले होते की लगेच गेलो असतो तरी काही झालं नसतं. म्हणोत. मी काम पुरं केलं, एनिड. एक नट घट्ट करायचा राहिला होता.

मी गवतात बसलो. ओलं होतं. किती वेळ ते सांगता येत नाही. लोक दुसरीकडे बघत होते, आपल्याकडे बघतात तसे. हिलरी माझ्याजवळ त्याच ओल्या गवतात बसली, नवीन स्कर्ट घालून, आणि तिनं माझा हात धरून ठेवला. परीक्षक टोपी काढून उभाच होता. त्याला पुढच्या तीन गाड्या बघायच्या होत्या, तरी गेला नाही. मी उठलो तेव्हा त्यानं मला कागद दाखवला आणि विचारलं की रेघेचा रकाना कोरा सोडू का. मी म्हटलं, नको, काप. त्यानं पाच गुण कापले.

पत्रावर पाणी पडलंय, अक्षर लागलं नाही तर हिलरीला विचार. नाताळला येतो.

तुझा,
सिरिल