निळ्या डोक्याची टाचणी

सोमवार, ६ मार्च १९६७, डोव्हर

डॉर्कस, डॉर्कस, डॉर्कस! काल आलेली पोरगी. मी वीस वर्षं ब्रा शिवल्या, मग हे अंतराळाचे सूट आले. आतल्या रबराला सुईएवढं भोक पडलं तरी बिनहवेच्या जागी माणूस मरतो — हे आता ती मला शिकवणार!

चंद्रावर जायचे सूट शिवायचं काम आम्हा दोघींपैकी एकीलाच. शनिवारी आमच्या मुख्य, टिंगलबाई, ठरवणार.

लाइल आमच्याच कारखान्यात माल चढवतो. जेवताना म्हणाला, "काय हात आहे गं तिचा! बघून शीक जरा." नवरा माझा, कौतुक तिचं.

मंगळवार, ७ मार्च

प्रत्येकीच्या टाचणीचं डोकं वेगळ्या रंगाचं. सुटात राहिलीच तर कुणाची ते कळावं म्हणून. माझं लाल, तिचं निळं. जेवणाच्या सुट्टीत तिची एक उचलली. तिनं शिवलेल्या सुटात, गळ्याच्या कड्याखाली खुपसली.

बुधवार, ८ मार्च

टाचणी राहिली का ते बघायला प्रत्येक सुटाचा एक्स-रे काढतात. त्यात काहीच नाही! धातूच्या कड्याआड दिसत नसावी. आणखी एक उचलली. या वेळी त्याच सुटाच्या खांद्यात.

शुक्रवार, १० मार्च

खांद्यातली सापडली. टिंगलबाईंनी निळी टाचणी सगळ्यांसमोर नाचवली.

"बाई, शपथ घेते, मी दोनदा तपासलं होतं."

"माणूस मेल्यावर तिसऱ्यांदा तपास. नीघ."

रडून रडून नाक लाल झालं होतं तिचं. कोट घालायला मीच हात दिला. फार बरं वाटलं.

शनिवार, ११ मार्च

चंद्राचे सूट माझ्याकडे! खिडकीजवळचं तिचं टेबलही.

सोमवार, १३ मार्च

लाइल पीचची पेस्ट्री घेऊन घरी आला. "व्हर्ना, चाचणीला मला निवडलं! डॉर्कसचा तो सूट माझ्याच मापाचा निघाला. उद्या तो घालून बिनहवेच्या खोलीत बसायचं."

हातातला काटा खाली ठेवला. विचारलं, एक्स-रे पुन्हा काढला का?

"काढला की. खांदा दुरुस्त केला, बाकी स्वच्छ." मग पेस्ट्री चघळत म्हणाला, "आणि शिवण तिची आहे. मला कसली भीती? तुझी असती तर विचार केला असता."

आणि हसला. मीही हसले.

मंगळवार, १४ मार्च

लाइल सातला गेला. डबा भरून दिला. गळ्याच्या कड्याखालच्या टाचणीचं सांगितलं नाही.