डावं फूल

कोडोली,
२ जानेवारी २०२५

चि. निशिगंधा हिस आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि माझ्या खांद्यावर बसून तू त्याच्या वरताण आवाजात शाळेतली कविता म्हणायचीस. भोंगा थांबायचा, तू थांबायची नाहीस. अजून कानात आहे.

आता तुझा फोनही बंद. तुझ्या खोलीतली राजनंदिनी सांगत होती, की मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या तू सोडल्यास, झोपतही नाहीस. तुझा बाप सीमेवर. त्याला काय कळवू? खरं ते लिही, पोरी. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा आबा

कोल्हापूर,
६ जानेवारी

ती. आबांस शि. सा. न.

राजनंदिनी चोंबडी आहे, पण खोटं बोलली नाही. दिवाळीत गावच्या देवळात मी गुपचूप कौल लावला. गोळ्या घेत राहू का, एवढंच विचारलं. देवाच्या अंगावर चिकटवलेल्या दोन ओल्या फुलांतलं डावं आधी पडलं. म्हणजे नाही. देवाला दोनदा विचारायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत. एवढ्या दिवसांत तेवढं एकच कुणीतरी माझ्याशी बोललं, आबा. ते कसं मोडू?

रंकाळ्यावर जाणं मात्र बंद केलंय. पाण्याकडं बघत बसलं की उठवत नाही.

आज्जीला सांगू नका. माया असू द्या.

निशी

कोडोली,
९ जानेवारी

चि. निशी, अनेक आशीर्वाद.

राहवलं नाही, तुझं पत्र तुझ्या आज्जीला, सरूला, वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. देवानं सांगितलं ते सांगितलं की, एवढंच म्हणाली. रविवार जोतिबाचा, त्या दिवशी ती घराचा उंबरा ओलांडत नाही, म्हणून तिनं पोटच्या पोराच्या लग्नाची तारीख बदलायला लावली होती.

दहावीनंतर तुला कौल लावायला मीच नेलं. उजवं पडलं, तेव्हा पेढा तू देवाआधी मला भरवलास. आता कुठल्या तोंडानं सांगू, की सुकलेलं फूल पडायचंच? सांगितलं तर तुझा देव जातो; न सांगावं तर तू. जन्मभर पोरांना कवितांचे अर्थ सांगितले, पण या एका फुलापाशी अडलोय. मांडीचं हाड मोडून खाटेवर पडलोय, नाहीतर धावत आलो असतो.

आबाला विसरू नकोस.

कोल्हापूर,
रविवार, १२ जानेवारी

ती. आबांस शि. सा. न.

पत्र पोचलं. मेसचा डबा तसाच पडलाय. ती कविता आठवून बघितली, पहिली ओळच येईना. गावचा भोंगा तेवढा कानात वाजतो.

कडी वाजतेय. राजनंदिनी असेल.

नाही, आज्जी आहे. एकटी. एस्टीनं आली म्हणे. चपला न काढताच विचारतेय, गोळ्या कुठं हाईत.

आबा, आज रविवार ना?