रोकुरोचा गुडघा

चिरंजीव बंधू रोकुरो यास,

सगळ्यात आधी आला तो दोबाशी, आणि तोही काळ्या सुटात! चाळीस वर्षं तुमच्या बँडचे ड्रम बडवणारा हा माणूस मी आजवर बनियनवरच पाहिलाय. चार दिवसांपूर्वी मात्र गळ्यात टाय, डोक्याला तेल, आणि दारात उभा राहून नुसता वाकतोय नि वाकतोय. बघणाऱ्याला वाटावं, कोणी गेलं की काय. पाच मिनिटांनी कुरामोची आला (तुमचा गाणारा, पण हल्ली त्याच्यापेक्षा आमच्या मासेवाल्याचा आवाज बरा, हे तुझ्यामाझ्यात), तोही सुटात. आणि शेवटी इनागाकी, पाठीवर गिटार नाही, छातीशी मात्र गोड वड्यांचा डबा असा धरलेला, जसं काही तान्हं बाळच.

पण थांब, चुकलंच माझं. पत्र असं सुरू करत नाहीत. मी शाळेत होते तेवढ्या दिवसांत बाईंनी एवढं एकच मनावर ठसवलं होतं, की आधी हवा, मग तब्येत, मग मजकूर. तर घे : इकडे थंडी बेताची आहे, अंगणातली संत्री पिवळी व्हायला लागलीत. मी मजेत आहे. तू आणि मिसाए मजेत असाल, तुझ्या बेटावर वारा फार नसेल, कांद्यांची रोपं लावून झाली असतील. अनेक आशीर्वाद. झालं. (अवघड अक्षरं मला येत नाहीत हे तुला ठाऊकच आहे. सोप्यात लिहिते, सोप्यात वाच.)

तर ते तिघं आले. येणार हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. कुरामोचीने फोन करून इतक्या अदबीने विचारलं, "ताई, उद्या आम्ही तिघं आपल्या दर्शनाला आलो तर चालेल का?", की मी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडेच बघितलं. अरे, ही माणसं चाळीस वर्षं आपल्या टॉवेलच्या कारखान्यात, पूर्वी माग होते त्या जागी, तालीम करतात. दर बुधवारी न विचारता येतात, माझ्या फडताळातली लोणची न विचारता खातात. यांना दर्शन कधीपासून लागायला लागलं? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोनोमी! पंधरा दिवसांपूर्वी आपली कोनोमी तुझ्या जागी बेस गिटार वाजवून दाखवायला उभी राहिली होती, त्याचाच हा निकाल. आधी फोन करून, वडीलधाऱ्या बाईला विचारून, रीतीने, नातीला बँडमध्ये मागायला येतायत! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. लगेच चवळी भिजत घातली, शुभकार्याचा लाल भात शिजवला, मासेवाल्याकडून अख्खा लाल मासा आणला, शेपटीसकट. चोवीस वर्षांची पोर, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवते, आणि डिसेंबरात तुमच्या बँडबरोबर बारा गावं हिंडणार! तू टाकून दिलेल्या त्या जुन्या बेसवर ती तेराव्या वर्षापासून बोटं झिजवतेय, हे तुला माहीत आहेच. तिला दुसरं काही नकोच होतं रे.

इथे तुला आधीचं सांगायला हवं, कारण तू चैत्रात दोन ओळींचं कार्ड टाकून गेलास ("आता पुरे झालं. कांदे लावीन." हे काय पत्र आहे? बँडचा चाळीस वर्षांचा संसार मोडताना माणूस निदान तीन ओळी तरी लिहितो), त्यानंतर इकडे काय चाललंय याची तुला गंधवार्ता नाही. उन्हाळ्यात त्यांनी तीन पोरं आणली. पहिला ओसाकाचा, केस जांभळे, वाजवायचा फार छान. दोन बुधवार टिकला. दुसरा शाळेत संगीत शिकवणारा, वहीत बघून वाजवायचा. एकच बुधवार. तिसऱ्याचं तर नावसुद्धा मी विचारलं नाही, जीव लागायला नको म्हणून. प्रत्येक वेळी एकच रडगाणं, की याचा ताल पळतो. मी चहा घेऊन जायची तेव्हा बघायची ना. गाणं सुरू झालं, की दोबाशी एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे, जणू दोन वरातींची एका बोळात गाठ पडलीय. कुरामोची हात वर करायचा, सगळे थांबायचे, आणि मग सगळे मिळून त्या नव्या पोराकडे बघायचे. दोबाशी आपले बूट बघायचा. मग कोनोमी उभी राहिली, आणि तिचंही तसंच झालं. पण आपली म्हणून मला वाटलं, तिचं चालून जाईल.

तर लाल भात. तिघं आत आले, आमच्या ह्यांच्या तसबिरीपुढे बसले, घंटी वाजवली, हात जोडले. इनागाकीने डबा पुढे सरकवला. त्याच्यावर पांढरा कागद, कागदावर काळ्या शाईत दोन अक्षरं, भरगच्च, एकेकात वीस वीस रेघा. मला कुठली वाचता येतायत! चांगल्या घरचं काम दिसलं म्हणून मी डबा तसबिरीपुढे उभा करून ठेवला, कागद सगळ्यांना दिसेल असा. आणि जेवायला वाढलं. लाल भात बघितल्यावर त्या तिघांचे चेहरे, काय सांगू तुला! कुरामोची पांढरा, इनागाकी हिरवा. मला वाटलं भिडस्त आहेत. मी म्हटलं, "अरे खा, आज शुभ दिवस. आधी तोंड गोड, मग बोलणं." ते बिचारे खात राहिले. इनागाकी मधेच, "ताई, खरं म्हणजे आज आम्ही..." असं सुरू करायचा, की कुरामोची त्याला कोपराने ढोसायचा, "आधी भात खा रे." दुसऱ्यांदा तो "खरं म्हणजे" म्हणाला, तेव्हा मी त्याला माशाचं डोकंच वाढलं. माशाचं डोकं तोंडात घेऊन माणूस नकार कसा देणार? (हे आता सुचतंय. तेव्हा मी अगदी मनापासून वाढत होते.)

आता मुख्य गोष्ट. मागे शेगडीवर किटली ठेवली होती, ती शिट्टी मारायला लागली. तुला ती किटली माहीत आहे, गावातली कुत्री जागी होतात तिने. कुरामोची दचकला, इनागाकीच्या हातून जेवायच्या काड्या पडल्या. आणि किटलीला पाठ लागेल इतक्या जवळ बसलेला दोबाशी शांतपणे मासा सोलत होता. त्याला काही नाही! मी किटली उतरवली आणि त्याच्या मागून विचारलं, "दोबाशी, भात वाढू का?" काही नाही. समोर येऊन विचारलं, तर म्हणाला, "अर्धी वाटी." रोकुरो, मी पंधराव्या वर्षी मागावर उभी राहिले. चाळीस माग एकदम खडखडत असताना आम्ही बायका ओठांवरून गप्पा मारायचो, सासवांची उणीदुणी काढायचो, आवाजाची गरजच पडायची नाही. बहिरा माणूस मी अंधारातही ओळखते. तरी खात्री करावी म्हणून त्याच्यासमोर बसले आणि नुसते ओठ हलवले, आवाज जराही नाही : "आणखी मासा देऊ?"

"नको ताई, पोट भरलं," दोबाशी म्हणाला. चांगला मोठ्याने.

कुरामोचीने मान वर केली. "तुला कोणी काय विचारलं?" दोबाशी माझ्याकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा. मी पटकन म्हटलं, "मी विचारलं. तुझं लक्ष कुठंय?" आणि विषय बदलला, म्हणजे इनागाकीला आणखी भात वाढला.

शेवटी असं झालं, की तीन तीन वाट्या लाल भात पोटात गेल्यावर त्यांना बोलायला तोंडच उरलं नाही. कुरामोची घाम पुसत म्हणाला, की कोनोमीला आम्ही आणखी एकदा, नीट, अगदी शेवटचं ऐकू. बूट घालताना बाकीचे दोघं पुढे गेले आणि दोबाशी नाडीशी खेळत मागे राहिला. वर न बघता हळूच म्हणाला, "ताई, आता रोकुरोचा गुडघा दिसत नाही हो." आणि ओठांवर बोट ठेवून निघून गेला.

मी दारातच बसले. तुझा गुडघा! दहा वर्षं तुझा तो उजवा गुडघा गाणं सुरू झालं की विजारीत उंदीर शिरल्यासारखा खालीवर नाचतो, तेही ड्रमकडे तोंड करून, आणि मी तुला किती बोललेय त्यावरून. म्हातारपणी शोभतं का म्हटलं, लोक हसतात म्हटलं, एकदा तर मलमाच्या पट्ट्या पाठवल्या. तो गुडघा दोबाशीसाठी होता, होय ना? त्याला ऐकू येत नव्हतं, तो तुझा गुडघा बघून वाजवत होता, आणि तू दहा वर्षं ना कुरामोचीला सांगितलंस, ना इनागाकीला, ना मला! आणि आता सगळी पोरं बिचारी सरळ उभी राहून वाजवतायत, आणि ताल पळतो त्यांचा!

संध्याकाळी कोनोमी दुकानातून आली. लाल भात बघितला, मासा बघितला, मग तसबिरीपुढचा डबा बघितला. तो कागद तिने वाचला. (क्षमायाचना असं होतं त्याच्यावर. मी शुभेच्छा समजून अख्ख्या घरापुढे मांडलं होतं.) तिने तो काढला, नीट चार घड्या घातल्या, खिशात ठेवला, आणि जेवायला बसली. म्हणाली, "आजी, भात छान झालाय." दोन वाट्या खाल्ल्या. आता रोज पहाटे पाचला उठते आणि ते टकटक करणारं तालाचं यंत्र लावून बोटांना पट्ट्या बांधून वाजवत बसते. काल मला विचारलं, "आजी, माझा ताल खरंच पळतो का गं?" मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. आयुष्यात इतकं खोटं मी कधी बोलले नव्हते.

असो. तुला नुसती खुशाली कळावी म्हणून हे लिहिलं, काही काम नाही. मी आनंदात आहे, चार दिवस झोप नाही एवढंच. मिसाएला आशीर्वाद.

तुझी ताई,
तोकिए

ता. क. काल मिसाएला फोन केला होता. तू शेतावर होतास. ती बोलून गेली, की तुझ्या गुडघ्यातून दोनदा पाणी काढलं आणि डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली. म्हणजे बोटं शाबूत होती, गुडघा गेला म्हणून बँड सोडलास! आणि कारण सांगितलं तर दोबाशीचं उघड पडेल म्हणून कांद्यांचं नाव घेतलंस. वेडा आहेस. लहानपणीही असाच होतास. मला रडू आलं आणि मग राग आला, या क्रमाने.

ता. क. दुसरं. काम नाही असं वर लिहिलंय ते खोडून टाक. मी कोनोमीला सगळं सांगून मोकळी झाले असते, पण ही गोष्ट माझी नाही, तुझी आणि दोबाशीची आहे. मी कुरामोचीला सांगितलं तर दोबाशी जाईल. नाही सांगितलं तर कोनोमी जाईल. म्हणून तू ये. बेस आणू नकोस, गुडघा घेऊन ये. जेवढा उरलाय तेवढा चालेल. खुर्चीत बस आणि कुठल्या गाण्यात तो कधी वर जातो, कधी खाली, ते तिला दाखव. आणि का, तेही तूच सांग. दोबाशीला मी विचारलं, अर्थात ओठांनी, भाजीबाजारात, माणसांच्या गर्दीत. तो म्हणाला, रोकुरो म्हणेल तसं.

ता. क. तिसरं. तुझ्याकडून पुलावरून येणारी पहिली बस सकाळी सातला सुटते, मी चौकशी केलीय. पण आदल्या दिवशीच आलास तर बरं, शिकायला वेळ मिळेल. ते तिघं रविवारी, अठरा तारखेला, दुपारी दोन वाजता परत येतो म्हणालेत.