निळ्या दोऱ्याची गाठ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय शर्टांवर यंत्राने नावे भरणे, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली न येता ही अखेरची व्यवस्था लिहून ठेवत आहे. लेखनात चूक आढळल्यास ती टंकलेखकाची समजावी.

१. राहते घर व बँकेतील ठेव चिरंजिवांस. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, याबद्दल आता माझी तक्रार नाही.

२. वाफेची इस्त्री शेजारच्या इस्त्रीवाल्यास. ‘जरा वेळ’ म्हणून तो ती नऊ वर्षे नेत आहे. परत आणण्याचे त्याचे कष्ट वाचतील.

३. भरतकामाचे यंत्र, दोरे व सुयांची डबी धाकट्या बहिणीस. का, ते घरातील सर्वांनी वाचावे.

बावीस वर्षांपूर्वी एका हॉटेलाच्या चाळीस पांढऱ्या शर्टांवर निळ्या दोऱ्याने नावे भरायची होती. यंत्रावर ती बसली. पातळ कापडाला बारीक सुई, मागे कागदाचे अस्तर आणि आधी चिंधीवर एक अक्षर, हा नियम माझा. गिऱ्हाईक ताटकळले, म्हणून ‘चिंधी राहू दे’ असे सांगणाराही मीच. शेवटी कागद फाडून शर्ट उजेडात धरले, तर अक्षरांच्या कडेने भोकेच भोके. उसवून उपयोग नव्हता. उसवले की भोके अधिकच डोळे वटारतात. गिऱ्हाइकासमोर मी तिला म्हणालो, “तुझा हात जड आहे. हे काम तुझं नव्हे.” तिने यंत्र आवरले आणि ती निघून गेली. पुन्हा ती दुकानाची पायरी चढली नाही.

आदल्या दिवशी जाड कापडाच्या पिशव्यांवर मी लाल अक्षरे भरली होती. जाड सुई मी काढली होती की नाही, याची शंका मला त्याच आठवड्यात आली. यंत्रात बारीक सुई दिसली, तेव्हा मी स्वतःला निर्दोष ठरवले. परंतु पिशव्यांचे काम पुन्हा घेतले नाही आणि डबीतला जाड सुयांचा कप्पाही उघडला नाही.

तो गेल्या महिन्यात या यादीसाठी उघडला. एका जाड सुईच्या नेढ्यात निळा दोरा होता, त्याला तिच्या हातची बारीक गाठ. म्हणजे शर्टांवर मी यंत्रात विसरलेली जाड सुईच चालली होती.

४. (स्वहस्ते जोडलेले.) सही करण्यापूर्वी ती सुई घेऊन मी बहिणीकडे गेलो. तिने चष्मा लावून सुई पाहिली.

“मीच ठेवली होती, दादा. तुला दिसावी म्हणून.”

“बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे?”

मी कलम तीन तिला वाचून दाखवले व चूक माझी होती, असे तोंडाने सांगितले. तिने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, “तू मेल्यावर यंत्र घेऊन मी काय करू? सोमवारी येते. चिंधी काढून ठेव.”

सबब कलम तीन माझ्या मृत्यूची वाट न पाहता येत्या सोमवारपासून लागू समजावे. आरंभीचे टंकलेखकाविषयीचे वाक्य मी खोडले आहे.

ठिकाण : दुकानाची आतली खोली
दिनांक : १४ जून २०१९, शुक्रवार

(सही) नावे भरणारा

आमच्यादेखत सही केली :
१. (सही) समोरचा बटणविक्रेता
२. (सही) कोपऱ्यावरील औषधविक्रेती