रिकामी ठेवायची फाईल

जळगाव

सौ. सुलक्षणावहिनी यांस योगेंद्रचा नमस्कार. गुडघ्याला उतार पडला असेल, आणि दादा चहात साखर चोरून घालत नसेल, ही आशा.

वहिनी, समोर ठेवलेली वस्तू 'सापडत नाही' असं ठासून सांगणाऱ्या माणसाबरोबर तुम्ही संसार केलात. माझ्या वाट्याला तसंच यंत्र आलं. आमच्या केळी गटासाठी ठिबकच्या पाण्याच्या वेळा ठरवणारा प्रोग्रॅम मी लिहिला, हे तुम्ही जाणताच. सगळ्या चाचण्या पास झाल्याशिवाय तो मोटारींना जोडायचा नाही, असा गटाचा ठराव (मीच तासभर बोलून मंजूर करून घेतलेला). त्या चाचण्यांच्या फाईली एका ढिगात पडल्या होत्या. अव्यवस्थेविरुद्ध आयुष्यभर व्यासपीठावरून गरजलेल्या माणसानं हे कसं सोसावं? मी 'जळगाव' आणि 'धुळे' असे दोन फोल्डर केले आणि दोन्हींत 'पाणी' याच नावाची फाईल ठेवली. यंत्रानं जळगावचं पाणी ओळखलं. धुळ्याचं पुढे येताच अडून बसलं, की या नावाची फाईल आधीच घेतली आहे. समतेवरचं माझं विवेचन त्यानं ऐकलं नाही. गटाच्या अध्यक्ष भागाबाई अक्का मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, बठ्ठं बोलनंच शे. पानी कोठे शे?" (सगळं बोलणंच आहे, पाणी कुठे आहे?)

तेव्हा मुलांना संगणक शिकवण्यात हयात घालवलेल्या तुम्हीच फोनवर उपाय सांगितलात. गावात दोन छगन असले की आपण बापाचं नाव लावतो. तशी प्रत्येक फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाची एक फाईल ठेवा, म्हणजे यंत्र फोल्डरच्या नावासकट हाक मारेल. आणि ती फाईल रिकामी ठेवा. वहिनी, रिकामी जागा आणि मी! धुळ्याच्या फाईलमध्ये मी पाण्याच्या न्याय्य वाटपावर चार परिच्छेद लिहिले. यंत्र ते आज्ञा समजून वाचायला गेलं आणि अडलं; चाचण्या सुरूही होईनात. तुम्ही हसला नाहीत (हे उपकार थोर), एवढंच म्हणालात, "भाऊजी, पुसा." पुसलं, आणि सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास झाल्या. अक्कांनी मला पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली.

इतकी पुस्तकं वाचली, पण गप्प राहूनही काम होतं हे तुमच्याकडून कळलं. तुमचे आभार शब्दांत मावत नाहीत.

आपला,
योगेंद्र

ता.क. खरं तर मावले. काल धुळ्याच्या त्याच फाईलमध्ये 'वहिनींचा आभारी आहे' एवढंच लिहिलं. सगळं पुन्हा लाल. रविवारी अक्का मोटारी जोडायला येणार आहेत, आणि बागा सुकायला लागल्या आहेत.

ता.क. २. ती ओळ पुसायला माझा हात धजत नाही. शनिवारी सकाळची एसटी धरा आणि ती तुम्हीच पुसा.